ओळंबा आणि पाणसळ : शाळेच्या भिंतींची परीक्षा

(इयत्ता पाचवी ते सातवीच्या वर्गांसाठी पाठाचे टिपण)

प्रास्ताविक

उभे, आडवे, तिरपे आणि सपाट हे शब्द मूल पहिल्या इयत्तेतच शिकते. पुढे भूमितीत काटकोन येतो, विज्ञानात गुरुत्वाकर्षण येते आणि पाणी आपली पातळी राखते, हे वाक्यही पाठ होते. परंतु या सर्व गोष्टी एकाच ठिकाणी एकत्र आलेल्या असतात आणि ते ठिकाण मुलांच्या नित्य दृष्टीसमोर असते, हे सहसा ध्यानी येत नाही. ते ठिकाण म्हणजे वर्गखोलीची भिंत होय. गवंडी ज्या साधनांनी भिंत उभारतो, त्याच साधनांनी ती भिंत पुढे अनेक वर्षे तपासता येते. त्यांस खर्च जवळजवळ नाही. दोरा, वजन, पाणी आणि मोजपट्टी एवढे असले म्हणजे पुरे.

हा पाठ केवळ हस्तकौशल्याचा नाही. २८ ऑगस्ट २०१७ रोजी आपल्याच जिल्ह्यात, नगर तालुक्यातील निंबोडी येथे, पावसात प्राथमिक शाळेची इमारत कोसळून तीन विद्यार्थी मृत्युमुखी पडले व अनेक जखमी झाले. त्या दुर्घटनेची मीमांसा करणे हा या टिपणाचा हेतू नव्हे. ओळंब्याने सर्व धोके कळतात, असेही कोणी समजू नये. छपराची कुजलेली तुळई किंवा स्लॅबमधील गंजलेली सळई दोऱ्याला दिसत नाही. तथापि भिंत कलत आहे, फुगत आहे किंवा एका कोपऱ्यात खचत आहे, ही गोष्ट दोरा व पाणी निश्चित सांगू शकतात. आणि ती डोळ्यांना दिसू लागण्याच्या बरेच आधी सांगू शकतात. ज्या खोलीत आपण रोज तीस-चाळीस मुले बसवितो, तिच्याविषयी एवढे तरी शिक्षकास ठाऊक असले पाहिजे.

दोन निरनिराळ्या गोष्टी

‘भिंत सरळ आहे’ असे आपण सहज म्हणतो. या एका शब्दात दोन भिन्न अर्थ दडलेले आहेत, ते आरंभीच वेगळे करून द्यावेत.

पहिला अर्थ उभ्या सरळतेचा. भिंतीचा माथा तिच्या पायाच्या बरोबर वर असणे, यास गवंडी ‘भिंत ओळंब्यात आहे’ असे म्हणतो. दुसरा अर्थ आडव्या समपातळीचा. विटांचा अगर दगडांचा एक थर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एकाच पातळीत असणे, यास ‘थर पाणसळीत आहे’ असे म्हणतात. भिंत ओळंब्यात असूनही तिचा थर एका बाजूस उतरता असू शकतो आणि थर पाणसळीत असूनही भिंत बाहेर कललेली असू शकते. म्हणून दोन्ही परीक्षा स्वतंत्रपणे कराव्या लागतात.

किती फरक चालतो, असा प्रश्न मुले विचारतीलच. विटांच्या बांधकामासंबंधीच्या भारतीय मानकात एका मजल्याच्या भिंतीस ३ मीटर उंचीत ६ मिलिमीटरपर्यंतचा कल क्षम्य मानला आहे. गवंड्याच्या भाषेत एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणजे सुमारे ३ मिलिमीटर. यावरून दहा फुटांस दोन सूत, असा हिशेब मुलांना सहज लक्षात राहील. ही मर्यादा नव्या बांधकामाची आहे. दगडमातीच्या जुन्या भिंतीचा निवाडा केवळ तिच्यावरून करू नये. जुन्या भिंतीच्या बाबतीत ती आज किती कलली आहे, यापेक्षा तो कल वाढत आहे काय, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

ओळंबा

बाजारातील ओळंब्यात पितळी वा लोखंडी वजन, दोरा आणि त्या दोऱ्यात ओवलेला गुटका असतो. गुटक्याची रुंदी वजनाच्या व्यासाएवढीच असते. गुटका भिंतीच्या वरच्या भागास टेकवून वजन खाली सोडले असता ते भिंतीला हलकेच स्पर्श करील, तर भिंत ओळंब्यात आहे. वजन व भिंत यांत फट राहिली, तर माथा आपल्याकडे झुकलेला आहे. वजन भिंतीवर रेलले, तर माथा पलीकडे झुकलेला आहे अथवा भिंतीचा खालचा भाग पुढे आलेला आहे.

शाळेत ओळंबा नसल्यास जाड नटबोल्ट किंवा पाव किलोचे वजन दोऱ्यास बांधावे. वजनाचा आकार कसाही असला तरी ताणलेला दोरा पृथ्वीच्या मध्याच्या दिशेनेच राहतो. हे मुलांनी निरनिराळी वजने बांधून स्वतः पाहावे. वाऱ्याने दोरा हलत असेल, तर वजन पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवून ठेवावे. पाण्याच्या विरोधामुळे झोके लवकर थांबतात. वजन बादलीच्या तळास किंवा कडेस टेकता कामा नये.

कल आणि पोट

भिंत ओळंब्यात आहे की नाही, एवढे उत्तर शाळेच्या कामास पुरत नाही. किती आणि कोठे, हे कळावयास हवे. यास्तव पुढीलप्रमाणे करावे. भिंतीच्या माथ्यापाशी एक पट्टी अशी बसवावी की, तिच्या टोकाशी बांधलेला दोरा भिंतीपासून १०० मिलिमीटर दूर लोंबेल. दोरा स्थिर झाल्यावर वरून खाली दर ५० सेंटिमीटरला दोरा व भिंत यांमधील अंतर मोजून लिहावे. पट्टी बसविण्याचे काम शिक्षकाने अगर गवंड्याने करावे; मुलांना शिडीवर चढवू नये. खालची मोजमापे मुलांनी घ्यावीत.

समजा, एका भिंतीवर बाहेरून घेतलेली अंतरे वरून खाली अशी आली : १००, १०२, १०४, १०६, १०८, ११० मिलिमीटर. अंतर एकसारखे वाढत गेले आहे. म्हणजे भिंत सरळ राहून संपूर्णच बाहेर कलली आहे. अडीच मीटरांत १० मिलिमीटर, म्हणजे तीन मीटरांत १२. क्षम्य मर्यादेच्या दुप्पट.

आता दुसऱ्या भिंतीची अंतरे पाहा : १००, ९३, ८१, ७८, ८९, ९९. येथे माथा व तळ यांत अवघा एक मिलिमीटर फरक आहे. जो केवळ वर आणि खाली मोजील, तो ही भिंत उत्तम म्हणून निघून जाईल. परंतु मध्ये ती सुमारे २१ मिलिमीटर बाहेर आली आहे. यास गवंडी ‘भिंतीला पोट सुटले’ असे म्हणतात. हे दोन आलेख मुलांकडून चौकटीच्या कागदावर काढून घ्यावेत. कल म्हणजे तिरपी सरळ रेषा आणि पोट म्हणजे वक्र रेषा, हा भेद आकृतीवरून तत्काळ स्पष्ट होतो.

या दोहोंत पोट अधिक भयावह समजावे. आपल्याकडील पुष्कळ जुन्या दगडी भिंती दोन पदरी असतात. बाहेरचा पदर वेगळा, आतला वेगळा आणि मध्ये माती व गोट्यांची भर. भिंतीच्या पूर्ण जाडीतून आरपार जाणारे लांब दगड ठिकठिकाणी घातले असतील, तर दोन्ही पदर एकमेकांस धरून राहतात. ते नसतील, तर पावसाचे पाणी आत शिरून भर फुगते, पदर एकमेकांपासून सुटतात आणि बाहेरचा पदर पुढे येतो. अशी भिंत जाड दिसते; पण भार पेलताना ती एक भिंत न राहता दोन पातळ भिंती होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा माळवदांच्या घरांच्या अशाच जाड दगडमातीच्या भिंती ढासळून हजारो माणसे त्यांखाली गेली. जाडी म्हणजे बळकटी नव्हे, हा धडा महाराष्ट्रास तेव्हा मिळाला.

एक सावधगिरी बाळगावी. काही जुन्या भिंती मुद्दामच वर निमुळत्या बांधलेल्या असतात. त्यांची बाहेरची बाजू वरच्या अंगास आत घेतलेली असते. म्हणून शक्य तेथे भिंत आतून व बाहेरून अशी दोन्हीकडून मोजावी. बाहेरची बाजू आत झुकलेली आणि आतली ओळंब्यात असेल, तर ती बांधणाऱ्याची योजना आहे. एक बाजू जेवढी बाहेर गेली, तेवढीच दुसरीही त्याच दिशेने गेली असेल, तर मात्र भिंत कलली आहे.

पाणसळ आणि तिची परीक्षा

पाणसळीच्या काचेच्या नळीत द्रव व एक बुडबुडा असतो. बुडबुडा दोन रेघांच्या मध्ये आला म्हणजे पृष्ठभाग समपातळीत आहे, असे आपण मानतो. परंतु साधनच सदोष असेल तर? याचे उत्तर मुलांकडूनच काढून घ्यावे. पाणसळ एका फळीवर ठेवून बुडबुड्याची जागा पाहावी. नंतर तीच पाणसळ त्याच जागी टोके उलटसुलट करून ठेवावी. बुडबुडा दोन्ही वेळा त्याच बाजूस, तेवढाच सरकलेला दिसला, तर दोष फळीचा आहे. तो बाजू बदलून दिसला, तर दोष पाणसळीचा आहे. आधी साधनाची परीक्षा आणि मग वस्तूची, ही सवय या एका कृतीने लागते व ती पुढे तराजूपासून थर्मामीटरपर्यंत सर्वत्र उपयोगी पडते.

लांब भिंतीसाठी लहान पाणसळ पुरेशी नाही. एका टोकास झालेली अल्प चूक दुसऱ्या टोकापर्यंत वाढत जाते. तेथे पाण्याची पारदर्शक नळी वापरावी. सुमारे दहा मीटर लांबीची नळी घ्यावी, बादलीतून ओढून ती पाण्याने भरावी आणि पाण्यात थोडी निळ टाकावी. म्हणजे पातळी स्पष्ट दिसते. आत हवेचा एकही बुडबुडा राहू देऊ नये. मोजताना नळी कोठे दुमडलेली नाही, हे पाहावे आणि दोन्ही तोंडे उघडी ठेवावीत. एका तोंडावर अंगठा असला तर आत कोंडलेल्या हवेचा दाब पाण्यास खोटे बोलावयास लावतो. आरंभी दोन्ही टोके शेजारी धरून पाणी सारखे उभे राहते काय, ते पाहावे. ही या साधनाची परीक्षा होय.

नंतर खोलीच्या एका कोपऱ्यात जमिनीपासून एक मीटर उंचीवर पक्की खूण करावी. नळीचे एक टोक या खुणेपाशी धरावे, दुसरे टोक पुढच्या कोपऱ्यात न्यावे. पहिल्या टोकातील पाणी खुणेला बरोबर लागेपर्यंत दुसरे टोक वरखाली करावे आणि पाणी स्थिर होताच तेथे खूण करावी. याप्रमाणे चारही कोपऱ्यांत खुणा कराव्यात. शेवटी दुसऱ्या व चौथ्या कोपऱ्यातील खुणा परस्परांशी ताडून पाहाव्यात. त्या जुळल्या, तर काम बरोबर झाले; न जुळल्या, तर पुन्हा करावे.

या चार खुणा तैलरंगाने कायम कराव्यात व त्यांशेजारी तारीख लिहावी. त्यांचे महत्त्व आज कळणार नाही, पुढील वर्षी कळेल. पाया खचला, तर त्या कोपऱ्यातील खूण भिंतीबरोबरच खाली जाते. खोलीत बसलेल्यास काहीच बदललेले दिसत नाही, पण नळीतील पाणी खुणेच्या वर उभे राहते. जेवढे वर, तेवढा तो कोपरा इतरांच्या मानाने खाली गेला, असे समजावे.

आपल्या जिल्ह्याची जमीन

पाया का खचतो, हे भूगोलाच्या तासास सांगावे. गोदावरी व प्रवरेच्या काठच्या तालुक्यांत खोल काळी जमीन आहे. ती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर उथळ पायाची भिंत असेल, तर ती दरवर्षी थोडी वर उचलली जाते व थोडी खाली बसते. सर्व कोपरे सारखे हालत नाहीत. ज्या बाजूस पागोळ्यांचे पाणी साचते, नळ गळतो किंवा मोठे झाड पाणी ओढून घेते, ती बाजू वेगळी वागते. मग दारे-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या, पायऱ्यापायऱ्यांच्या भेगा निघतात. पारनेर व संगमनेरच्या पठारी भागांत मुरूम वा खडक पुष्कळ ठिकाणी उथळ लागतो. तेथे ही तक्रार कमी. अकोले तालुक्याच्या पश्चिम भागात अतिवृष्टी होते; तेथे पाया व भिंतीची भर ओलीने कमकुवत होण्याचे भय अधिक. म्हणून आपल्या गावची माती कोणती, यावरून मोजणीत कोणती गोष्ट अधिक पाहावी ते ठरवावे.

नोंदवही

मोजणी वर्षातून तीनदा करावी : जूनमध्ये शाळा उघडताच, पाऊस ओसरल्यावर दिवाळीच्या सुट्टीपूर्वी आणि उन्हाळी सुट्टी लागण्याआधी. प्रत्येक खोलीस एक पान द्यावे. त्यावर खोलीचा आराखडा, भिंतींचे क्रमांक, तारीख, हवामान, ओळंब्याची अंतरे, चार कोपऱ्यांच्या पातळ्या आणि मोजणाऱ्यांची नावे असावीत. मोजणी दरवेळी रंगाने खूण केलेल्या त्याच जागी घ्यावी. गिलावा व दगड खडबडीत असल्याने चार बोटे इकडे-तिकडे झाल्यास आकडा बदलतो.

भेगेचीही नोंद ठेवावी. भेगेच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीने आडवी रेघ मारून तारीख लिहावी. भेग त्या रेघेच्या पुढे गेली, तर ती जिवंत आहे. तिच्या दोन्ही अंगांस एकेक बारीक खिळा ठोकून त्यांमधील अंतर मोजले, तर ती रुंदावते की नाही तेही कळते. मात्र भिंत ठिसूळ असेल, तर खिळे न ठोकता रंगाचे दोन ठिपके द्यावेत.

अशा साधनांनी मोजताना दोन-तीन मिलिमीटरचा फरक मोजणाऱ्याच्या हाताचाही असू शकतो. त्याहून अधिक फरक आला, तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गटाकडून तेच मोजून घ्यावे. फरक टिकला, तर ती भिंतीची हालचाल समजावी. एकदाच घेतलेला आकडा ही केवळ माहिती आहे. तारखांनिशी घेतलेले तीन आकडे हा पुरावा आहे. ‘भिंत धोकादायक वाटते’ असे लिहिलेल्या पत्रापेक्षा ‘जूनपासून ऑक्टोबरपर्यंत उत्तर भिंतीचे पोट ९ मिलिमीटरने वाढले’ असे लिहिलेल्या पत्राची दखल अभियंत्यास लवकर घेता येते.

शिक्षकाचे कर्तव्य

आपली नोंद म्हणजे अभियंत्याचे प्रमाणपत्र नव्हे, हे शिक्षकाने विसरू नये. भिंत सुरक्षित आहे, असा निर्वाळा ओळंब्यावरून कोणीही देऊ नये. भिंतीविषयी शंका घेण्याचा अधिकार मात्र ओळंबा निश्चित देतो. भेग एकाएकी रुंदावली, पोट वाढले, कालपर्यंत लागणारे दार आज अडू लागले किंवा भिंतीतून माती झरू लागली, तर त्या क्षणी खोली रिकामी करावी. मुले प्रथम बाहेर, पत्र नंतर. अशा भिंतीजवळ मोजणीसाठीही जाऊ नये आणि मुलांना तिच्या छायेत मधल्या सुट्टीत बसू देऊ नये.

त्यानंतर मुख्याध्यापकांनी शाळा व्यवस्थापन समितीस व केंद्रप्रमुखांस कळवून पंचायत समितीकडून अभियंत्याची तपासणी मागावी व सोबत नोंदवहीच्या पानांची नक्कल जोडावी. खोलीचे निर्लेखन होण्यास वेळ लागतो, कारण त्यास प्रस्ताव व मंजुरी लागते. परंतु निर्लेखन आणि वापर थांबविणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खोलीला कुलूप लावण्यास मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. मंदिरात, समाजमंदिरात अथवा झाडाखाली वर्ग भरविणे गैरसोयीचे खरे, पण गैरसोय भरून काढता येते.

पाठाची मांडणी

पहिल्या तासास गावातील गवंड्यास वर्गात पाचारण करावे. थापी, गुण्या, ओळंबा, पाणसळ व सूतदोरी त्याने स्वतः वापरून दाखवावी आणि मुलांनी त्यास प्रश्न विचारावेत. ज्याच्या हातांनी गावातील घरे उभी राहिली, तो एक तास आपला गुरू होतो, हे मुलांनी पाहिलेले बरे. दुसऱ्या तासास साधने तयार करून त्यांची परीक्षा घ्यावी. तिसऱ्या व चौथ्या तासास मोजणी करावी, पाचव्या तासास आलेख व नोंदी कराव्यात. सहलीस नगरला जाणे झाल्यास डोंगरमाथ्यावरील सलाबतखानाची कबर, जिला लोक चांदबिबीचा महाल म्हणतात, अवश्य दाखवावी. सोळाव्या शतकातील ही अष्टकोनी दगडी वास्तू पाहताना, तिच्या आठही बाजू जुळविण्यास तेव्हाच्या कारागिरांपाशी कोणती साधने असतील, हा प्रश्न मुलांपुढे ठेवावा.

स्वाध्याय

१. दोन भिन्न वजनांचे ओळंबे शेजारी टांगा. दोन्ही दोऱ्यांतील अंतर वर व खाली मोजा. काय आढळते? कारण सांगा.

२. एका भिंतीची अंतरे १००, ९८, ९६, ९४, ९२ आहेत. ती आतून मोजली असता सर्वत्र १०० येतात. ही भिंत कलली आहे काय?

३. नळीतील पाणी एका कोपऱ्यात खुणेच्या ७ मिलिमीटर वर उभे राहिले. त्या कोपऱ्याबाहेर जाऊन पाणी साचण्याची जागा, झाड व नळ यांची पाहणी करा आणि पाच ओळींत अहवाल लिहा.

४. आपल्या घराच्या एका भिंतीची मोजणी वडीलधाऱ्यांच्या मदतीने करा व आकडे वर्गात वाचून दाखवा.

चौथा प्रश्न गाळू नये. शाळेची खोली मूल काही वर्षे वापरते, घर मात्र जन्मभर. दोरा कसा टांगावा हे ज्यास ठाऊक आहे, असे एक मूल घरात असले, तर पावसाळ्याच्या तोंडी त्या घराची भिंत एकदा तरी तपासली जाईल.